कोणाच्या भावना, किती त्वरेने?

अमूल लोण्याच्या फलकांवरील ठिपक्यांच्या झग्यातील मुलगी १९६६ पासून आपल्या परिचयाची आहे. सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार यूस्टेस फर्नांडिस यांनी तिला जन्म दिला व ताज्या घडामोडींवरील कोट्या तिच्या तोंडी घातल्या. एका गणेशोत्सवात ती ‘गणपती बाप्पा मोअर घ्या’ असे म्हणाली. लंबोदराला हसल्याबद्दल चंद्राला शाप मिळाल्याची कथा आहे खरी. परंतु येथे देवाला कोणी हसले नव्हते, अधिक वाढून घेण्याचा आग्रहच केला होता! तरीही फलक हटवा, नाही तर कार्यालय उद्ध्वस्त करू, अशी धमकी आल्याचे जाहिरातकारांनी पुढे सांगितले. इंडियन एअरलाइन्सच्या संपावर कोटी केली तेव्हा विमानात हे लोणी देणेच बंद करण्याचा इशारा मिळाला आणि ती जाहिरात थांबवावी लागली. एकाकडे जमाव होता, दुसऱ्याकडे मोठी खरेदी.

घोषवाक्य मवाळ करण्यास आमचा सरसकट विरोध नाही. पुस्तक आवडले नाही तर मिटता येते. रस्त्यावरचा फलक मात्र लहानथोरांपुढे न विचारता उभा राहतो. त्याला मर्यादा हवीच. त्यासाठीच १९८५ साली जाहिरात व्यवसायाने ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल’ स्थापन केली असून तेथे सामान्य ग्राहकही तक्रार नोंदवू शकतो. तथापि, ही संवेदनशीलता नेमकी कोणासाठी जागी होते, हा खरा प्रश्न आहे.

‘फेअर अँड लव्हली’ हे मलम १९७५ मध्ये बाजारात आले. त्याच्या नावात ना कोटी होती, ना चावटपणा. गोरेपण आणि सौंदर्य यांची गाठ तेवढी दोन शब्दांत मारलेली होती, आणि तीही सभ्य घरांना खटकली नाही. सावळ्या विठ्ठलाच्या पायी माथा टेकवून परतलेली मंडळीच ‘मुलगी गोरी हवी’ म्हणून स्थळे पाहत असतील, तर खटकणार तरी कोणाला? वर्गातल्या सावळ्या मुलीला ते खटकत होते. पण तिच्यामागे जमाव नव्हता. महिला संघटनांनी आक्षेप घेतले. २०१४ मध्ये वरील कौन्सिलने वर्णावरून कमीपणा दाखविणाऱ्या जाहिरातींविषयी नियम केले. प्रत्यक्ष नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ व्हायला मात्र २०२० चा जुलै उजाडला, आणि तोही जगभर वर्णभेदाविरुद्ध मोर्चे निघाल्यावर. पंचेचाळीस वर्षे!

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘तनिष्क’ने मुस्लिम सासरी हिंदू सुनेचे डोहाळजेवण दाखविणारी जाहिरात काढली होती. समाजमाध्यमांवर गदारोळ उठला. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचा विचार करून ती मागे घेत असल्याचे कंपनीने जाहीर केले. तेथे आठवडाही लागला नाही.