घोकंपट्टी नको, पडताळा हवा

परीक्षेचे दिवस आले की आपल्या घरांतून एक सूर हटकून ऐकू येतो. मूल येरझाऱ्या घालीत ग्रामपंचायतीची कामे घोकीत असते. परीक्षेनंतर आठ दिवसांत ती विसरूनही जाते. समाजशास्त्र नीरस आहे, असा निवाडा मुले देतात. वस्तुतः नीरस आहे ती शिकविण्याची रीत.

ही रीत पालटता येते, हे आपल्याच प्रांतात दिसून आले आहे. ‘एकलव्य’ संस्थेने १९८६ साली मध्य प्रदेशातील ९ सरकारी शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, सामाजिक अध्ययनाचा प्रयोग आरंभिला. पुस्तकात मजकुराच्या मध्येच प्रश्न असत. पुस्तकातील गावाची आपल्या गावाशी तुलना मुलांनीच करावयाची असे. परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा असे. पुस्तक समोर असले की पाठांतराला किंमत उरत नाही, विचारालाच उरते. २००२ साली शासनाने हा प्रयोग बंद केला. पण २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडावे, असेच सांगितले.

इंदुरात अशा धड्यांना तोटा नाही. नळाचे पाणी येते कोठून, हाच धडा घ्या. नर्मदेच्या पाण्यासाठी १९७० साली शहर रस्त्यावर उतरले. १९७८ साली ते पाणी जलूदहून विंध्याचा चढ चढून येथे पोचले. त्यापूर्वी पाणी कोठून येई, रांगेत कोण उभे राही, हे मुलांनी आजी-आजोबांस विचारावे. स्वतःची विहीर असलेल्या वाड्याचे उत्तर एक येईल, सार्वजनिक नळावरच्या घराचे दुसरे. उत्तरे जुळली नाहीत म्हणजे धडा फसला असे नव्हे. तो तेथेच सुरू होतो. मग नकाशा आणि जुनी वर्तमानपत्रे पाहून पडताळा घ्यावा.

यात शिक्षकांचे श्रम वाढतात, हे खरे. प्रश्न न देता राजवाड्यास नेलेला वर्ग केवळ सहल करून येतो. पण पंधरवड्यातून एक तास एवढ्यासाठी काढणे अशक्य नाही.

होळकरशाहीचा अभिमान आपण सांगतो, पण मुलांच्या हाती सनावळीच देतो. १९७० साली विशीत असलेली मंडळी आज पंचाहत्तरीत आहेत. ती आहेत तोवर, वही घेऊन आलेल्या नातवंडास घरोघरी एक दुपार मिळावी, एवढीच आमची विनंती आहे.