नत्राची ओळ कोणी खोडली?

पुण्याचे मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत जाते, भीमा उजनी धरणात अडते आणि उजनीचे पाणी सोलापूर पिते. पुढे पंढरपुरात हीच भीमा चंद्रभागा होते आणि आषाढीला लाखो वारकरी तिच्यात उतरतात. त्या धारेशी दिल्लीत राजरोस दगाफटका झाला आहे.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2015 साली मैलाशुद्धीकरण प्रकल्पांच्या मानकांचा मसुदा काढला. त्यात लिटरमागे बीओडी (जैविक प्राणवायूची मागणी) 10 मिलिग्रॅम आणि एकूण नत्रही 10. ऑक्टोबर 2017 मध्ये अंतिम अधिसूचना निघाली, तेव्हा महानगरांना बीओडी 20 पर्यंत माफ, इतरांना 30 पर्यंत, आणि नत्राची ओळच गायब! 30 एप्रिल 2019 रोजी राष्ट्रीय हरित लवादाला ती 10 ची मर्यादा पुन्हा घालावी लागली. जनतेच्या पाण्याचे रक्षण ज्यांच्याकडे सोपवले, त्यांनीच कुंपण मोडले!

बीओडी हा मुख्यतः कर्बाचा हिशेब. जिवाणूंना हवा दिली की ते कर्ब फस्त करतात, पाणी निवळ दिसते. पण मलमूत्रातला अमोनिया उरला तर? नदीत त्याच्या एका ग्रॅम नत्रामागे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्ची पडतो. मासे गुदमरतात. त्याचे नायट्रेट झाले की ते जलपर्णीचे खत. उजनीचे हिरवे पाणी आणि भीमेवरचे जलपर्णीचे गालिचे आकाशातून पडलेले नाहीत.

खर्चाचे रडगाणे आम्ही ऐकून घेणार नाही. हवेच्या टाकीत अमोनियाचे नायट्रेट होते. ते पाणी मागे फिरवून, हवा न दिलेल्या टाकीत कच्च्या मैलापाण्याशी मिसळले की तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरून कर्ब खातात आणि नत्र वायू होऊन उडून जातो. म्हणजे जो कर्ब जाळण्यासाठी आपण विजेचे बिल भरतो, तोच नत्र काढण्याचे इंधन आहे! अमोनियावर खर्चलेल्या प्राणवायूपैकी निम्म्याहून अधिक या वाटेने वसूल होतो. लुडझॅक आणि एटिंगर या संशोधकांनी ही मांडणी 1962 साली दाखवली, दक्षिण आफ्रिकेत बर्नार्ड यांनी 1970 च्या दशकात ती सुधारली. जगाने अर्धशतकापूर्वी आत्मसात केलेली विद्या आम्हाला परवडत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगता?

‘आधी प्रकल्प तर उभे राहू द्या,’ हा दुसरा बहाणा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशाच्या शहरांत रोज सुमारे 72 हजार दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते आणि जेमतेम 20 हजार शुद्ध होते. बहुतेक टाक्या अजून बांधायच्याच आहेत. मग नत्र काढण्याची टाकी वगळून त्या अर्धवट का बांधता? आज वगळलेली टाकी उद्या जागा शोधून, दुप्पट पैसा ओतून घालावी लागेल, आणि तोवर अमोनिया सोलापूरच्या वाटेवरच असेल.

मंत्रालयाने लवादाच्या आदेशानुसार 2017 ची अधिसूचना दुरुस्त करून नत्राची ओळ परत लिहावी. प्रत्येक महापालिकेने आपल्या प्रकल्पाच्या फाटकावर बीओडीशेजारी एकूण नत्राचा आकडा रोज लावावा. आणि नागरिकहो, तो आकडा लागेपर्यंत कोणत्याही प्रकल्पाच्या पाण्याला शुद्ध म्हणू नका.