पांढरी वाइन : ताटाशेजारी असू द्या, चिठ्ठीवर नको

तपासणी संपते, रक्तदाबाची गोळी लिहून होते आणि दाराशी पोहोचलेला रुग्ण मागे वळून विचारतो, "डॉक्टरसाहेब, रात्री एक ग्लास वाइन हृदयाला चांगली ना?" महाराणा प्रताप नगरातील माझ्या दवाखान्यात हा प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. एके काळी मीही हसून "थोडी चालेल" असे म्हणत असे. आज तसे म्हणणे मला उचित वाटत नाही. विशेष म्हणजे, हे मत मी वाइनचा द्वेष्टा म्हणून मांडत नाही. नाशिकच्या पांढऱ्या वाइनचा मी चाहता आहे.

आपल्या पिढीला नाशिक ठाऊक होते ते खाण्याच्या द्राक्षांसाठी. २००० साली सुलाची सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां बाजारात आली. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केले आणि द्राक्ष बागायतदारांना नवी वाट दिसली. युरोपात द्राक्षांची तोडणी उन्हाळा सरताना होते. नाशिकला मात्र ती साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. हिवाळ्यातील थंड रात्री फळातली आम्लता टिकवून धरतात.

या आम्लतेतूनच आपल्या ताटाशी तिचे नाते जुळते. सोव्हिन्यों ब्लांच्या हिरवट गंधाला कोथिंबीर वडी आणि तळलेली सुरमई शोभते. लिंबू पिळल्याने जे साधते, तेच तिच्या घोटाने साधते. चिंचगुळाच्या अळूवडीला किंचित गोडसर शेनिन अधिक जवळची. हिरवी मिरची, कोथिंबीर आणि दही घातलेला आपला भोपाळी रेझालाही तिच्यासोबत खुलतो. येथे शरीरशास्त्र लक्षात ठेवावे : मिरचीने जिभेवरील जो ग्राही चेततो, त्यालाच मद्यार्क अधिक संवेदनशील करतो. म्हणून तिखट जेवणाबरोबर कमी मद्यार्काची, थोडी गोड आणि चांगली गार वाइन घ्यावी. पुरणपोळी व श्रीखंड यांच्या वाटेला मात्र तिने जाऊ नये. पक्वान्नाच्या गोडीपुढे ती केवळ आंबट लागते.

हा झाला रसनेचा विषय. औषधाचा विषय निराळा आहे. १९९२ च्या सुमारास 'फ्रेंच विरोधाभास' गाजला आणि वाइन हृदयरक्षक ठरली. पुढे त्या प्रकारच्या अभ्यासांतील उणिवा दिसू लागल्या. 'न पिणाऱ्यां'च्या गटात आजारपणामुळे मद्य सोडलेलेही मोजले गेले होते. साहजिकच थोडी पिणारे अधिक निरोगी भासले. शिवाय ज्या पॉलिफेनॉल द्रव्यांचे गुण गायिले गेले, ती मुख्यतः द्राक्षाच्या सालीत व बियांत असतात. पांढरी वाइन करताना रस सालींपासून आधीच वेगळा काढतात, म्हणजे तो दावाही तिला फारसा लागू नाही. मद्य कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले होते. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. १२ टक्क्यांच्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १४ ग्रॅम मद्यार्क असतो. वाइन सौम्य वाटते, पण यकृत चव पाहत नाही.

आपल्या समाजातील अनेक घरांत मद्य वर्ज्य आहे आणि त्या संयमाचा मला आदर आहे. त्या घरातील पन्नाशीच्या गृहस्थाने केवळ डॉक्टरांच्या एका वाक्यावर विसंबून पहिला ग्लास उचलावा, याचे दायित्व कोणाचे? म्हणून व्यवसायबंधूंना माझी विनंती अशी : जो घेत नाही, त्याला हृदयासाठी सुरू करण्यास सांगू नये. जो घेतो, त्याला थोडी, जेवणाबरोबर, आणि नंतर गाडी न चालवता, इतके निक्षून सांगावे. यकृतविकार, गर्भावस्था, मेट्रोनिडॅझोल किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या असतील, तर स्पष्ट नकार द्यावा.

नाशिकच्या शेतकऱ्याच्या कष्टाचे कौतुक आपण जरूर करू; त्यासाठी वाइनला औषध म्हणण्याची गरज नाही. चवीची गोष्ट चवीसाठीच घ्यावी. आपल्या सहीचे मोल त्याहून वेगळे आहे.