अर्ज कोणाच्या नावाने?

पिण्याच्या पाण्याची मागणी घेऊन मोर्चा निघतो, घोषणा होतात, अधिकारी निवेदन स्वीकारतो आणि बातमी छापून येते. त्यानंतर खरे काम सुरू होते. किती निधी हवा, तो कोणत्या लेखाशीर्षातून मिळावा, कोणाच्या देखरेखीखाली खर्च व्हावा, हे कागदावर मांडावे लागते. नेमक्या याच वेळी लेखणी ठेकेदाराच्या किंवा एखाद्या संस्थेच्या पगारी लेखनिकाच्या हाती जाते. मोर्चा जनतेचा आणि अर्ज दुसऱ्याचा, असा हा प्रकार आहे. अर्ज लिहिणे हे कारकुनी काम आहे, ते कार्यकर्त्याचे नव्हे, ही समजूत डाव्या चळवळीतही खोलवर रुजलेली आहे. तिची किंमत सांडपाण्याच्या काठी राहणाऱ्या माणसांना भरावी लागते.

या प्रश्नाचा विचार करताना तंजावरचे एक जुने प्रकरण उपयोगी पडण्यासारखे आहे.

1801 चा अर्ज

1799 च्या तहाने तंजावरचा भोसले राजा सरफोजी दुसरा याने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला. त्याच्याकडे तंजावरचा किल्ला, ठरीव तनखा आणि वसुलाचा पाचवा हिस्सा उरला. त्याच्या पूर्वजांनी रामेश्वरच्या यात्रामार्गावर छत्रे, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा, बांधल्या होत्या आणि त्यांच्या खर्चासाठी गावे तोडून दिली होती. नव्या व्यवस्थेत त्या गावांच्या उत्पन्नावर गदा येण्याचा संभव दिसताच 1801 साली सरफोजीने कंपनीच्या रेसिडेंटास एक सविस्तर पत्र लिहिले. आजच्या भाषेत बोलायचे तर तो सार्वजनिक आरोग्याच्या निधीसाठी केलेला अर्जच होता.

हे पत्र वाचण्यासारखे आहे ते त्यातील तपशिलामुळे. दानधर्माच्या पुण्याविषयी मोघम लिहून राजा थांबला नाही. छत्रात ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्या जातींपर्यंत प्रत्येक वाटसरूला जेवण मिळते. शिजवलेला भात नको असेल त्याला कोरडा शिधा मिळतो. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले आहे काय याची हाकाटी होते. प्रत्येक छत्रात शिक्षकांबरोबर रोग, सूज आणि विषबाधा यांवर इलाज करणारे वैद्य नेमलेले आहेत. आजारी पडलेल्या प्रवाशाला बरा होईपर्यंत औषध आणि पथ्याचे अन्न मिळते. तान्ह्या मुलांना दूध मिळते. छत्रात बाळंत झालेल्या स्त्रीचा खर्च छत्र करते आणि तिला तीन महिने राहू देते. परक्यांच्या अनाथ मुलांचे पोषण व शिक्षण होते, मृतांचे अंत्यसंस्कार होतात. कोणाला, काय, किती काळ आणि कोणाच्या हस्ते, या चारही प्रश्नांची उत्तरे त्या पत्रात आहेत.

छत्रे चालू राहिली. 1802 साली ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र नव्याने उभे राहिले. नेमकेपणाचे बळ किती असते याचा हा धडा आहे आणि तो राजाकडून शिकण्यात कोणत्याही क्रांतिकारकाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

अर्जातील मौन

परंतु त्याच पत्रात एक मौनही आहे. छत्राच्या हंड्यात शिजणारा भात कोणी पिकवला, हे त्यात कोठेही नाही. कावेरीच्या खोऱ्यातील भातशेती पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन, मुख्यतः दलित शेतमजुरांच्या श्रमावर उभी होती. मजुराला शेण कालवलेले पाणी पाजणे आणि चाबकाने फोडणे या शिक्षा तंजावर जिल्ह्यात विसाव्या शतकापर्यंत चालू होत्या. 1940 च्या दशकात बी. श्रीनिवास राव यांच्या नेतृत्वाखालील लाल बावट्याच्या किसान चळवळीने त्यांना मूठमाती दिली. 1952 साली पन्नैयाळ संरक्षण कायदा झाला. तरीही 25 डिसेंबर 1968 रोजी त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातील किळवेण्मणी येथे मजुरी वाढवून मागणाऱ्या शेतमजुरांची 44 माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले, एका झोपडीत जिवंत जाळण्यात आली. छत्रात वाटसरूला आजारपणात पथ्य मिळत होते; ते धान्य पिकवणाऱ्याच्या आजारपणाची नोंद मात्र कोणत्याही अर्जात नव्हती.

अर्ज कृपेच्या आधारावर उभा असला की त्याचे भवितव्यही कृपा करणाऱ्याच्या हाती राहते. 1855 साली गादीला पुरुष वारस उरला नाही म्हणून कंपनीने तंजावरचे राजपदच रद्द केले. छत्रांचा कारभार पुढे जिल्हा बोर्डाकडे गेला. कावेरीकाठच्या तिरुवैयारु या गावी 1881 साली छत्रांच्या निधीतून संस्कृत पाठशाळा निघाली. वाटसरूच्या भातासाठी आणि औषधासाठी राखलेल्या उत्पन्नातून संस्कृत विद्येचे पोषण होऊ लागले, आणि त्या निर्णयात ना वाटसरूला मत होते ना शेतमजुराला. 1920 च्या दशकात जस्टिस पक्षाचे ए. टी. पन्नीरसेल्वम जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष झाले, तेव्हा याच संस्थेत तमिळ शिक्षणाचे दार उघडले. निधी तोच होता, इमारत तीच होती. बोर्डावर बसणारी माणसे बदलली म्हणून निधीचा उपयोग बदलला. सार्वजनिक पैशाचा इतिहास हा असा वर्गांच्या आणि जातींच्या बलाबलाचा इतिहास असतो.

तिरुवैयारुच्या पाणवठ्यावर

पाच नद्यांचे गाव म्हणून तिरुवैयारुचे नाव पडले. दरवर्षी पुष्य वद्य पंचमीला त्यागराजांच्या समाधीपाशी देशभरचे गायक जमतात. आडी अमावास्येला पुष्य मंडपाच्या घाटावर हजारो लोक स्नान करतात. उत्सवाच्या दिवसांत घाट धुतला जातो आणि वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात. उरलेल्या दिवसांत त्याच नदीच्या काठी राहणाऱ्या, चिखलात अनवाणी लावणी करणाऱ्या आणि गटारे उपसणाऱ्या माणसांच्या आरोग्याचे काय, हा खरा प्रश्न आहे. अशा गावाच्या परिसरातील शेतमजूर व स्त्रियांची एखादी समिती पाणी आणि सांडपाणी या प्रश्नावर निधी मागू इच्छीत असेल, तर तिने अर्ज कसा लिहावा?

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न ऋतूसह मांडला पाहिजे. मेट्टूर धरणाचे पाणी रूढ वेळापत्रकानुसार 12 जूनला सोडले जाते आणि 28 जानेवारीला बंद होते. म्हणजे उन्हाळ्यात पात्र कोरडे असते आणि सांडपाणी खड्ड्यांत साचून डासांची पैदास होते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पावसाने शेते आणि वस्त्या पाण्याखाली जातात, उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पायांच्या जखमांवाटे शरीरात शिरतो. जो अर्ज केवळ “परिसर अस्वच्छ असून रोगराई पसरते” असे म्हणतो, तो कोणत्याही गावाचा असू शकतो आणि म्हणून कोणत्याही गावाचा नसतो. कोणत्या पंपाभोवती पाणी साचते, कोणते गटार कोठे नदीला मिळते, कोणत्या आळीत गेल्या दोन पावसाळ्यांत किती घरांत ताप आला, हे घरोघर फिरून नोंदवावे लागते. कोरड्या ऋतूत एकदा आणि पावसात एकदा अशी दोनदा नोंद झाली की तिच्यापुढे अधिकाऱ्याचा अंदाज टिकत नाही.

दुसरी गोष्ट पुराव्याची. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या नियमांत प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना पाणीतपासणीच्या संचाचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. हे शिक्षण कागदावर झाले की प्रत्यक्षात, हे विचारणे हीच पहिली चळवळ होय. जी स्त्री स्वतः बाटलीत नमुना घेऊन पाणी काळे पडताना पाहते, तिला दूषित पाण्याविषयी व्याख्यान द्यावे लागत नाही, आणि तिच्या नोंदवहीचे पान अर्जाला जोडले की तो परक्या तज्ज्ञाच्या अहवालाहून वजनदार ठरतो.

तिसरी गोष्ट कायद्याची. 1939 सालच्या मद्रास सार्वजनिक आरोग्य कायद्याने पाणीपुरवठा आणि सांडपाण्याचा निचरा या स्थानिक संस्थांच्या जबाबदाऱ्या ठरवल्या. तमिळनाडूत हा कायदा आजही पाया आहे. गटारात माणूस उतरवण्याविरुद्ध 2013 चा कायदा आहे. अर्जात “कृपा करून मंजुरी द्यावी” या वाक्याच्या जागी कायद्याचे कलम आले की अर्जदाराची पाठ ताठ होते.

चौथी गोष्ट पैशाची, आणि येथेच बहुतेक अर्ज कोसळतात. पंप बसवण्याचा खर्च लिहिला जातो, पण त्याची वीज, दुरुस्ती आणि पंप चालवणाऱ्याचे किमान वेतन लिहिले जात नाही. दोन वर्षांनी पंप गंजतो आणि दोष लोकांच्या अज्ञानाला दिला जातो. निधी संपल्यानंतर काम कोणत्या सार्वजनिक संस्थेच्या अंदाजपत्रकात जाणार, हे पहिल्याच अर्जात ठरले पाहिजे.

पैसा कोणाचा?

पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी रुपयांची शिफारस केली आणि त्यातील 60 टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांच्याशी बांधली. प्राथमिक आरोग्यासाठी आणखी 70,051 कोटी रुपये स्थानिक संस्थांमार्फत द्यायचे ठरले. हा पैसा श्रमिकांनी काडेपेटीसारख्या वस्तूंवरही भरलेल्या करातून आला आहे. तो मागणे ही याचना कशी ठरते?

याच्या उलट, 2013 च्या कंपनी कायद्यान्वये नफ्याच्या दोन टक्क्यांतून सामाजिक कार्य करणारी कंपनी आरोग्यशिबिर भरवते, फलक लावते आणि निघून जाते; सांडपाणी मात्र वाहतच राहते. परदेशी देणग्यांविषयी 1980 च्या दशकात डाव्या चळवळीत तीव्र वाद झाला होता. त्या पैशाबरोबर त्या पैशाचा कार्यक्रमही येतो, हा त्या वादातील मुद्दा आजही खरा आहे. 2020 च्या दुरुस्तीनंतर तर असा पैसा मोठ्या संस्थेकडून गावातील समितीकडे वळवण्याची वाटच बंद झाली आहे. म्हणून कोणी सहज देतो म्हणून पैसा घेण्याऐवजी, जो आपलाच आहे आणि ज्याचा हिशेब मागता येतो, असा सार्वजनिक पैसा मागणे हेच योग्य होय.

काही साथींना भीती वाटते की अर्जांच्या या कामात चळवळ प्रकल्पांच्या जाळ्यात सापडेल. भीती निराधार नाही. कितीतरी चांगले कार्यकर्ते अहवाल लिहिता लिहिता मोर्चा विसरले. पण उपाय म्हणून लेखणी टाकून दिली, तर ती उचलायला ठेकेदार तयारच असतो. महाराष्ट्रात 2007 पासून पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. तेथे गावकऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राचे गुणपत्रक स्वतः भरले आणि जनसुनवाईत डॉक्टर व अधिकारी यांच्यासमोर ते वाचून दाखवले. कागद आणि संघर्ष एकमेकांचे शत्रू नाहीत, हे त्या सभांत दिसले. 1978 साली सोव्हिएत कझाकस्तानातील आल्मा-आता येथे जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्याचा जो जाहीरनामा संमत केला, त्यातही आरोग्यसेवेचे नियोजन आणि अंमलबजावणी यांत भाग घेणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य मानले आहे.

वाचन आणि सही

तमिळनाडूत 1 मे हा ग्रामसभेचा दिवस आहे. 22 मार्च या जलदिनीही ग्रामसभा भरवण्याचे 2022 साली ठरले. कामगारदिनी गावची सभा भरावी आणि तिच्यात पाण्याचा अर्ज मोठ्याने वाचला जावा, याहून सुसंगत गोष्ट दुसरी नाही. अर्ज वाचताना एखादी म्हातारी उठून म्हणते की आमच्या आळीचा पंप यात आलाच नाही. तेथे अर्ज दुरुस्त होतो. ज्या अर्जाला अशी दुरुस्ती लाभली नाही, तो भाषेने कितीही सफाईदार असला तरी दुबळाच असतो. निधी आल्यावर त्याच सभेत हिशेब वाचला जावा आणि ज्या आळींची नोंद घेतली होती त्याच आळींत पुन्हा फिरून तापाचे प्रमाण मोजले जावे.

पक्षाच्या शाखांनी आणि शेतमजूर, महिला व युवक संघटनांनी प्रत्येक तालुक्यात दोन-तीन साथींना हे काम शिकवावे. अंदाजपत्रक वाचणे, माहितीच्या अधिकारात कागद मिळवणे, घरोघर नोंद करणे आणि अर्ज लिहिणे हे कौशल्य सभा गाजवण्याइतकेच आवश्यक मानले जावे. आरंभ लहान रकमेपासून करता येतो. गावच्या आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीला ग्रामीण आरोग्य मिशनने वर्षाला दहा हजार रुपयांचा मुक्त निधी ठरवून दिला होता, त्याचा हिशेब मागणे हा पहिला पाठ पुरेसा आहे.

1801 च्या अर्जात उपाशी राहिलेल्याला मध्यरात्री घंटा वाजवून बोलावले जात होते. घंटा राजाच्या हाती होती. आजच्या अर्जावर कावेरीकाठच्या शेतमजुरांची, सफाई कामगारांची आणि पाणी भरणाऱ्या स्त्रियांची सही असली पाहिजे, म्हणजे घंटा त्यांच्या हाती येईल आणि ती कोणासाठी, केव्हा वाजवायची हे तेच ठरवतील.