'बंदिनी'तील कल्याणी

या सदरांत आम्ही बहुधा नाटकांविषयीं लिहितों. चित्रपटाविषयीं लिहिलें तर "मास्तरांस उतारवयांत हा नवाच नाद लागला" असें सावनेरांतील आमचे जुने विद्यार्थी म्हणतील, याची आम्हांस कल्पना आहे. परंतु गेल्या पंधरवड्यांत घरांतील लहानथोर मंडळींसह आम्हीं 'बंदिनी' हा चित्रपट पुन्हां एकदां पाहिला, आणि त्यांतील नूतनच्या अभिनयावरून आमच्या माजघरांत जो वाद झाला, तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटलें.

हा बोलपट १९६३ सालचा. बिमल रॉय यांनीं दिग्दर्शित केलेला हा अखेरचा कथापट. मूळ कथा 'जरासंध' या टोपणनांवानें लिहिणारे बंगाली लेखक चारुचंद्र चक्रवर्ती यांची. हे गृहस्थ स्वतः तुरुंगखात्यांत अधिकारी होते. म्हणूनच कीं काय, यांतील तुरुंग रंगविलेल्या पडद्यासारखा वाटत नाहीं. कथा बंगालची असली, तरी तिची नायिका मराठी घरांतली आहे, हें तरुण वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल. नूतन ही कुमारसेन समर्थ व शोभना समर्थ यांची कन्या; आणि चित्रांत तिच्या वडिलांची, म्हणजे खेड्यांतील पोस्टमास्तरांची, भूमिका आपल्या राजा परांजपे यांनीं केली आहे.

ज्यांनीं चित्र पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं कथा थोडक्यांत सांगतों. इंग्रजी अमदानींतील बंगालमध्यें एका खेड्यांत बिकाश नांवाचा क्रांतिकारक नजरकैदेंत असतो. ही भूमिका अशोककुमार यांची. त्याच्यावर पोस्टमास्तरांच्या मुलीचें, कल्याणीचें, मन बसतें. परत येण्याचें वचन देऊन तो जातो, तो येतच नाहीं. गांवाची जीभ सुटते, आणि बापाची मान खालीं जाऊं नये म्हणून ती घर सोडते. शहरांत रोग्यांची शुश्रूषा करून ती पोट भरूं लागते. तेथें जी तिरसट, वातविकारी बाई तिच्या वांट्यास येते, ती बिकाशचीच पत्नी निघते. त्याच सुमारास मुलीला शोधीत आलेले वडील अपघातांत दगावतात, आणि कल्याणी त्या बाईला चहांतून विष देते. हें सर्व आपणांस मागाहून कळतें. प्रथम दिसते ती तुरुंगांत शिक्षा भोगणारी, खालमानेनें काम करणारी एक कैदीण.

इतके योगायोग एका दिवसांत घडावेत, हें आमच्या बुद्धीस पटत नाहीं. नेमकी तीच बाई, नेमका तोच दिवस! नाटककारानें असें केलें असतें, तर आम्हीं या सदरांत त्याचा समाचार घेतला असता. येथें तो दोष पोटांत घालावासा वाटतो, याचें श्रेय सर्वस्वी नूतनला.

आमचे वडील बंधु चित्र पाहतां पाहतां म्हणाले, "किती सोशिक बाई आहे! एक शब्द तक्रारीचा नाहीं." त्यावर आमची धाकटी सून शांतपणें म्हणाली, "दादा, ती सोशिक नाहीं. ती गप्प आहे." येथून वाद सुरू झाला. आम्ही बोलून चालून मास्तर. दोघांच्याही मतांत तथ्य आहे असें म्हणून मोकळे झालों. परंतु रात्रीं अंथरुणावर पडल्यावर सुनेचेंच म्हणणें खरें वाटूं लागलें.

भरतमुनींनीं स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रु व प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले. आपलीं नटमंडळी त्यांतील शेवटच्या दोहोंवर फार विसंबतात, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांत आम्हीं मुलांकडून जें बसवून घेतलें, तेंही याहून निराळें नव्हतें. नूतननें पहिल्यावर, म्हणजे स्तंभावर, सारी भूमिका उभारली आहे. क्षयी कैदिणीची सेवा करावयास कोणी पुढें येत नाहीं, तेव्हां ती पुढें होते. त्या वेळीं तिच्या मुद्रेवर करुणा नाहीं, त्यागाचें तेज नाहीं, जणूं कोणी पाणी भरावयास सांगितलें आणि ती उठली. तुरुंगाचा तरुण डॉक्टर (धर्मेंद्र) तिच्याकडे ओढला जातो, तेव्हां ती चिडत नाहीं कीं लाजत नाहीं. थोडी मागें सरते. एक कैदीण जात्यावर बसून माहेरच्या आठवणीचें गाणें म्हणते, आणि कल्याणी तें नुसतें ऐकते. जात्याशीं जिवाचें बोलणें ही आपल्या बायकांचीही रीत होती, तेव्हां हा प्रसंग मराठी मनास उलगडून सांगावयास नको. गाणें दुसरीचें, दुःख हिचें, आणि हिच्या पापणीलाही ओल नाहीं!

हीच नटी १९५५ च्या 'सीमा'मध्यें सुधारगृहांतील बंडखोर मुलगी झाली होती. तेथें ती ओरडते, झगडते, हाताला येईल तें फोडते. तेंही काम उत्तम होतें. आठ वर्षांनंतर त्याच नटीनें हात-पाय आवरून घेतले. दोन्ही भूमिकांस 'फिल्मफेअर'चें पारितोषिक मिळालें. आम्हांस विचाराल तर दुसरीचें मोल अधिक.

आतां त्या विषप्रयोगाविषयीं. या प्रसंगांत संवाद नाहीं. लोखंडावर पडणारे घणाचे घाव ऐकूं येतात, आणि जोडकामाच्या ठिणग्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडतो, विझतो, पुन्हां पडतो. छायालेखक कमल बोस यांचें हें कौशल्य खरें. पण उजेड ज्यावर पडावयाचा तो चेहरा रिकामा असता, तर ठिणग्यांनीं काय साधलें असतें? इतका वेळ आपण जिला शांति समजत होतों, ती शांति नव्हती, हें त्या चार क्षणांत उघड होतें. आमच्या विदर्भाच्या भवभूतीनें उत्तररामचरितांत रामाच्या शोकाला पुटपाकाची उपमा दिली आहे. वैद्य औषधि मातीच्या लेपांत बंद करून विस्तवांत ठेवतात. बाहेरून माती तेवढी दिसते, आणि आंतलें आंत शिजत असतें. राम निदान वनदेवतेपाशीं बोलतो तरी. कल्याणीला तेंही माणूस नाहीं.

येथें थोडें घरचें सांगतों. आमच्या एका आत्याला सासरच्यांनीं टाकलें होतें. ती जन्मभर आमच्या घरीं राहिली, आम्हां सर्व भावंडांना तिनें न्हाऊं-जेवूं घातलें, आणि सारें घर म्हणत असे, "आत्या फार शांत." १९८० नंतरच्या दशकांत दूरदर्शनवर एका रविवारीं 'बंदिनी' दाखविला. बैठकीच्या खोलींत सारी आळी जमली होती. घणाचे घाव पडूं लागले तशी आत्या उठली आणि स्वयंपाकघरांत गेली. तिला असलीं चित्रें आवडत नाहींत, असें आम्हीं शेजाऱ्यांस सांगितलें. चित्रांतल्या तुरुंगाचा पहारेकरी सारें ठीक असल्याची हाळी देतो, त्यांतलाच तो प्रकार! परवां हें सांगत असतां सुनेनें विचारलें, "पण आत्याआजींना कोणी विचारलें होतें का?" नव्हतें.

शेवटीं कल्याणीची सुटका होते आणि तिला डॉक्टरच्या घरीं पोंचवावयाचें ठरतें. वाटेंत नदीच्या धक्क्यावर आजारी, खंगलेला बिकाश भेटतो. पक्षाच्या आज्ञेनें आपणांस तें लग्न करावें लागलें, हें तिला कळतें. सचिनदेव बर्मन यांच्या आवाजांतील गाणें चालूं असतें, आगबोट सुटूं लागते, आणि इतका वेळ जिचें पाऊलही जोरानें पडलें नव्हतें, ती पदराचें भान न ठेवतां धांवत सुटते. कोणी म्हणतात, तिनें डॉक्टरकडे जावयास हवें होतें. आमचे बंधु अजून तेंच म्हणतात.

त्या रविवारीं आत्या तेवढ्यापुरती परत आली होती. दाराच्या चौकटीला टेकून, हाताला कणीक तशीच, ती उभी होती. बोट दूर जाईपर्यंत ती हलली नाहीं. मग, "गेली ना?" एवढेंच म्हणाली, आणि पोळ्या करावयास आंत वळली.