रात्रीचं जेवण एका कुकरात: खिचडी, नूडल्स आणि पाच टक्के जीएसटी

२२ सप्टेंबर २०२५ पासून इन्स्टंट नूडल्स, पास्ता, सॉस, पाकीटबंद फरसाण, भुजिया, चॉकलेट यांच्यावरचा जीएसटी १२ किंवा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वाण्याच्या दुकानात सुटी मिळणारी डाळ करमुक्त आहे, पण पाकिटात भरून छाप मारून विकलेल्या डाळीवर (२५ किलोपर्यंतच्या पाकिटावर) जुलै २०२२ पासून ५ टक्के कर लागतो. म्हणजे आज शहरातल्या सुपरमार्केटमध्ये किंवा मोबाईलवरून मागवलेली मूगडाळ आणि नूडल्सचा पुडा हे दोन्ही कराच्या एकाच खान्यात बसतात.

महागाईने गांजलेल्या घरांना दिलासा मिळाला याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण त्याच दिवशी थंडपेयं ४० टक्क्यांच्या खान्यात गेली. जे तब्येतीला मारक आहे त्यावर कर जास्त, हे तत्त्व सरकारला ठाऊक आहे, ते बाटलीला लावलं आणि पुड्याला लावलं नाही. आमच्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरांना हा फरक रोज संध्याकाळच्या ओपीडीत दिसतो. साखर वाढलेल्या माणसाला ‘रात्री काय जेवता?’ विचारलं की पूर्वी ‘भाकरी-भाजी’ असं उत्तर यायचं. आता नवरा-बायको दोघंही साडेआठला घरी पोचतात, मुलांचे क्लास नऊला सुटतात, आणि उत्तर येतं, ‘डॉक्टर, रात्रीचं काही ठरलेलं नसतं.’

हे न ठरलेलं जेवण देशाच्या आकड्यांतही दिसतं. केंद्र सरकारच्या २०२४-२५च्या आर्थिक पाहणी अहवालाने अतिप्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांबद्दल स्पष्ट चिंता व्यक्त केली. भारतातली त्यांची विक्री २००६ मध्ये ९० कोटी डॉलर होती, ती २०१९ मध्ये जवळपास ३८०० कोटी डॉलरवर गेली, असा आकडा त्यात आहे. २०२३-२४च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी कुटुंबाच्या एकूण मासिक खर्चापैकी सुमारे ११ टक्के पेयं, प्रक्रिया केलेलं आणि तयार अन्न यांवर गेलेला दिसतो. धान्य, डाळी, दूध, भाज्या यांपैकी कुठल्याही एका गोष्टीवर शहरी घर इतका खर्च करत नाही.

पाकिटावर समोरच ठळक इशारा छापावा, ही मागणी जुनी आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी तीन महिन्यांची मुदत घातली, ती पुढे वाढवून घेतली गेली. तोवर पुड्याची मागची बाजू वाचायची सवय लावा. तिथे सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं; त्याला अडीचने गुणलं की मिठाचा अंदाज येतो. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता एका पुड्यात दिवसाच्या मिठाचा किती वाटा संपतो ते तुम्हीच पाहा.

‘घरचं खा’ हा सल्ला कोणाच्या माथी?

‘बाहेरचं बंद करा, घरचं खा’ असं आम्ही डॉक्टर सहज सांगून टाकतो. ते घरचं करायचं कोणी? केंद्राच्या २०२४च्या वेळवापर पाहणीनुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, तर अशी कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं. पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर असं पाच भांड्यांचं जेवण रात्री नऊला हवं असेल, तर नोकरीवरून आलेल्या बाईच्या त्या मिनिटांत अजून भर पडते. मग ती एखाद दिवशी मोबाईल उघडते, आणि त्याबद्दलही बोलणी तीच खाते. माझ्याकडे नवऱ्याचे रिपोर्ट घेऊन येणाऱ्या कितीतरी जणी खाली मान घालून बसतात, जणू एचबीए१सी त्यांचंच वाढलं आहे.

म्हणून एका भांड्यातल्या जेवणाकडे मी निव्वळ सोय म्हणून पाहत नाही. कुकर लावणं हे घरातल्या कोणालाही, अगदी कॉलेजातल्या मुलालाही, दोन दिवसांत शिकता येतं. पोळ्या लाटणं तसं येत नाही, आणि ‘मला पोळ्या येत नाहीत’ ही सबब आपल्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली आहे.

आपल्याकडे असे पदार्थ कमी नाहीत. मुगाची खिचडी आहे, वरणफळं आहेत (कोणी चकोल्या म्हणतं), हुलग्याचे शेंगोळे आहेत, मसालेभात आहे, किनाऱ्यावर कोळंबीभात आहे. अडचण अशी की खिचडीला आपण आजाऱ्याचं जेवण करून टाकलं आहे. ताप आला, पोट बिघडलं की खिचडी. बरं वाटलं की वडापाव. २०१७ मध्ये दिल्लीच्या खाद्य मेळाव्यात ९१८ किलो खिचडी शिजवून विक्रम केला, तेव्हा खिचडी राष्ट्रीय पदार्थ होणार अशी आवई उठली आणि मंत्र्यांना खुलासा करावा लागला. एवढा मान मिळूनही पाहुणे आले की आपण खिचडी करत नाही.

सगळा खेळ डाळीच्या प्रमाणाचा

आता जरा हिशेब करू, कारण ‘खिचडी पौष्टिक असते’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणती खिचडी, हा प्रश्न आधी येतो.

आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवी आहार मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. २००० कॅलरींच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असा अंदाज त्यात दिला आहे. म्हणजे धान्य आणि डाळ साधारण ३ : १. शाळेतल्या पोषण आहाराचं केंद्राचं प्रमाण प्राथमिक वर्गांना १०० ग्रॅम धान्याला २० ग्रॅम डाळ, उच्च प्राथमिकला १५० ग्रॅमला ३० ग्रॅम डाळ असं आहे. दोन्हीकडे ५ : १. त्यात ५० ते ७५ ग्रॅम भाजी धरली आहे हे खरं. महाराष्ट्राने २०२४-२५ पासून पाककृती बदलून रोजच्या खिचडीला पर्यायही दिले. पण डाळीचं मूळ माप तेच राहिलं. शिवाय आपल्या मुलांना खिचडीची चव कळते ती या पातळ डाळीच्या खिचडीतूनच, आणि घरीही बहुतेक जण मूठभर डाळ टाकून मोकळे होतात.

एका माणसाला ९० ग्रॅम कोरडा शिधा धरा. तांदूळ-डाळ ५ : १ घेतली तर सुमारे साडेनऊ ग्रॅम प्रथिनं मिळतात. तेवढ्याच वजनात तांदूळ आणि मूगडाळ निम्मे-निम्मे घेतले तर १४ ग्रॅमच्या वर. कॅलरी जवळपास त्याच, म्हणजे ३०० ते ३२०. मध्यम बांध्याच्या प्रौढ माणसाची दिवसाची प्रथिनांची गरज ५० ग्रॅमच्या आसपास असते, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. डाळीत तांदळापेक्षा तंतूही बरेच जास्त असतात, आणि तांदळात कमी असलेलं लायसीन डाळ भरून काढते. नूडल्सच्या ७० ग्रॅमच्या नेहमीच्या पुड्यात कॅलरी एवढ्याच असतात. पण तो बहुतेक तळलेला मैदा असतो आणि प्रथिनं निम्मीच.

प्रथिनांचा एवढा आग्रह का, तर आयसीएमआर-इंडिॲब या देशव्यापी अभ्यासाच्या २०२५च्या निष्कर्षांनुसार भारतीयांच्या आहारात ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून केवळ १२ टक्के. कर्बोदकांचा थोडासा भाग वनस्पतीज किंवा दुधाच्या प्रथिनांनी बदलला, तर मधुमेहाचा धोका कमी आढळला. याच अभ्यासाने २०२३ मध्ये देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज दिला होता. त्या १३.६ कोटींपैकी बऱ्याच जणांना अजून कळलेलंही नाही, आणि त्यांच्यासाठी गोळीपेक्षा ताट महत्त्वाचं आहे.

म्हणून माझा सल्ला साधा असतो. एक वाटी तांदूळ असेल तर एक वाटी डाळ घ्या. सालीची मूगडाळ असेल तर उत्तम. चव अनोळखी लागली तर आधी दोनास एक करा, महिनाभराने बरोबरीवर या. दुधी, गाजर, फरसबी, मटार, पालक, शेवग्याची पानं, घरात असेल ते मिळून डाळ-तांदळाच्या दुप्पट तरी भाजी कुकरात घाला. फोडणीला माणशी एक लहान चमचा तेल पुरतं. (घरात तेल जास्त जातंय का हे पाहायचं असेल तर महिन्याचा हिशेब सोपा आहे: चार मोठ्या माणसांना तूप-लोणी धरून साडेतीन लिटरच्या आसपास. बऱ्याच घरांत पाच लिटरचा डबा महिना काढत नाही.) वरून लिंबू पिळा, डाळी-पालेभाज्यांतलं लोह त्याने चांगलं शोषलं जातं. एक चमचा साजूक तुपाला घाबरू नका, फक्त तो चमचा कोणता ते बघा.

भाजी चिरलेली असेल तर हे सगळं अर्ध्या तासात होतं, आणि त्यातला बराच वेळ कुकर एकटा काम करत असतो. मागवलेलं पार्सलही बहुधा तेवढाच वेळ घेतं.

वरणफळांत हाच नियम लावा. वरण पातळ करून फळांवर भर दिला की ती कणकेची आमटी होते. डाळ दाट ठेवा आणि कणकेत मेथी मळा. शेंगोळे मुळातच कडधान्याचे, त्यामुळे प्रथिनांच्या बाबतीत ते खिचडीच्याही पुढे. गावाकडून आलेल्या मंडळींनी हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं. मसालेभातात डाळ नसते, तेव्हा त्यात मटार, भिजवलेले हरभरे किंवा पनीर भरपूर घाला, किंवा सोबत उकडलेलं अंडं घ्या. साबुदाण्याच्या खिचडीला मात्र नावावरून या यादीत बसवू नका. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध स्टार्च, जी काही प्रथिनं असतात ती दाण्याच्या कुटाची.

ज्यांनी जरा जपून करावं

मधुमेह असेल तर खिचडी मऊसूत, आसट करू नका. दाणा जितका विरघळतो तितकी साखर लवकर चढते. तांदळाऐवजी गव्हाचा दलिया किंवा ज्वारीच्या कण्या वापरून पाहा, आधी वाटीभर काकडी-टोमॅटो खा, आणि ‘हलकं आहे’ म्हणून तिसऱ्यांदा वाढून घेऊ नका. जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर एकदा साखर तपासा, तुमच्या शरीराचं उत्तर तिथेच मिळेल. जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी रात्रीचा भात-पोळी एकदम निम्म्यावर आणण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. औषध तेवढंच आणि कर्बोदकं कमी, असं झालं की मध्यरात्री घाम येऊन साखर उतरू शकते.

रक्तदाब असलेल्यांचं मीठ खिचडीतून जात नाही, ते पापड, लोणचं आणि सांडगी मिरचीतून जातं. कढी किंवा साधं दही चालेल.

मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी वरचं डाळीचं प्रमाण स्वतःला लावू नये. प्रथिनं आणि पोटॅशियम किती चालेल हे आजाराच्या टप्प्यावर, आणि डायलिसिस सुरू आहे की नाही यावर ठरतं. ते तुमच्या नेफ्रोलॉजिस्टकडून लिहून घ्या. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर पालेभाजी सोडायची गरज नाही, पण एक आठवडा रोज पालक आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असंही करू नका.

उरलेल्या खिचडीबद्दल रोज कोणीतरी विचारतंच. शिजवलेला भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू वाढतात आणि विष तयार करतात. सकाळी परतून गरम केलं तरी ते विष जात नाही. त्यामुळे जेवणं झाली की दोन तासांच्या आत खिचडी उथळ डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत एकदाच गरम करा आणि उरली तर टाका. मे महिन्यात दोन तासही थांबू नका.