घरातले जुने देव

इंग्रजीच्या तासाला सरांनी चिनुआ अचेबे या नायजेरियन लेखकाचे नाव सांगितले आणि ग्रंथालयातून मी त्याची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) ही कादंबरी आणली. शब्दकोश शेजारी ठेवून ती वाचायला मला दीड महिना लागला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा यात लाजण्यासारखे काही नाही. पण कादंबरीइतकेच मनात घर करून बसले ते अचेबेने स्वतःच्या कुटुंबाविषयी लिहिलेले.

नायजर नदीकाठच्या ओनित्शा शहराजवळचे ओगिडी हे त्याचे गाव. मुलूख इग्बो लोकांचा. ओनित्शाला १८५७ साली मिशनरी आले आणि पुढे ते आसपासच्या गावांतही शिरले. अचेबेचे वडील लहानपणीच पोरके झाले होते, ते आजोळी वाढले. ज्या वडीलधाऱ्या पुरुषाने त्यांना वाढवले, त्याच्याच घरी गावातले पहिले मिशनरी उतरले. काही दिवसांनी त्याने त्यांना निघायला सांगितले, पण कारण धर्माचे नव्हते! त्यांची गाणी इतकी रडकी होती की आपल्या घरी मयत झाली असे शेजाऱ्यांना वाटेल, ही त्याची काळजी. तंटा झाला नाही. पुढे तो पोरका मुलगा त्या पाहुण्यांनाच जाऊन मिळाला, शिकला, शिक्षक आणि धर्मप्रचारक झाला. त्याने म्हाताऱ्यालाही वळवून पाहिले. म्हाताऱ्याने आपल्याला समाजाने दिलेल्या तीन मानांच्या खुणांकडे बोट केले आणि यांचे काय करू, एवढेच विचारले.

हा सवाल मला फार मोठा वाटतो. इग्बो समाजात असा मान सहजासहजी मिळत नसे. याम नावाचा, आपल्या कोनफळासारखा कंद पिकवून कोठारे भरायची, मग खर्च करायचा, गावाला जेवू घालायचे, तेव्हा कुठे मान मिळे. त्यात देव होते, पूर्वज होते, माणसाचा अख्खा जन्म होता.

अचेबेचा जन्म १९३० चा. वडिलांनी निवृत्त होऊन ओगिडीत घर केले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. एका घरात सकाळ-संध्याकाळ बायबल, आणि चुलत्याच्या घरी देवांना नैवेद्य. ख्रिस्ती मंडळी स्वतःला 'चर्चची माणसे' म्हणवीत आणि उरलेल्यांना 'कशाचीच नसलेली माणसे' म्हणत. दहाएक वर्षांचा अचेबे धाकट्या बहिणीला घेऊन, आईवडिलांची नजर चुकवून, शेजाऱ्यांकडे सणाचे जेवायला जाई. त्या भातात मूर्तिपूजेची चव त्याला कधी लागली नाही! व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्यावरून ठेवलेले आल्बर्ट हे नाव विद्यापीठात गेल्यावर त्याने टाकून दिले. उरले चिनुआ. त्यात 'चि' आहे, म्हणजे प्रत्येक माणसाचा सोबती असलेला त्याचा स्वतःचा देव. धर्मप्रचारक बापानेच मुलाच्या नावात तो ठेवला होता, ही मोठी गंमत आहे.

आपल्या महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत 'परंपरा टिकली पाहिजे' या विषयावर दोन्ही बाजूंनी जोरदार भाषणे झाली. टाळ्या मीही वाजवल्या. पण ती परंपरा कोणाची, हे कोणी विचारले नाही. म्हाताऱ्याची तीन मानांची होती. कादंबरीतल्या न्वोयेची मात्र रानात टाकलेल्या जुळ्यांच्या रडण्याची होती. जुळी मुले अपशकुनी म्हणून जिवंत टाकून देत. आणि 'ओसू' लोकांची? ओसू म्हणजे देवाला वाहिलेले माणूस. त्याने गावकुसात मिसळायचे नाही, इतरांशी लग्न करायचे नाही, डोक्याला वस्तरा लावायचा नाही. चर्चने त्यांना आत घेतले, जटा उतरवायला लावल्या. १९५६ साली ओसू प्रथा कायद्याने बंद झाली, तरी लग्न जुळवताना ती अजून विचारली जाते. अशा माणसाला, तू आपला वारसा का सोडलास, असे कोणत्या तोंडाने विचारायचे?

ते वस्तऱ्याचे पान वाचून मी पुस्तक मिटले. माझ्या आजीची थोरली बहीण देवीला सोडलेली होती. लहानपणी केसांत जट निघाली म्हणून तिला यल्लम्माला वाहिले. तिला संसार मिळाला नाही. मंगळवारी, शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागत ती म्हातारी झाली. ती गेल्यावर परडी आजीने आमच्या देवघरात आणून ठेवली. आजी रोज तिच्यापुढे दिवा लावते.

गेल्या दिवाळीत वसतिगृहातली मैत्रीण आमच्याकडे आली, तेव्हा मी देवघरावर पडदा ओढला आणि आजीला दोन दिवस आत्याकडे पाठवायला आईला सांगितले. आई काही बोलली नाही. आजीने आपले लुगडे पिशवीत भरले आणि गेली. 'कशाचीच नसलेली माणसे' हे शब्द वाचताना मला ती पिशवी आठवते. मिशनऱ्यांना नावे ठेवणे सोपे आहे. आपल्याला शाळा मिळाली की आपणही घरातल्यांना तेच म्हणतो, फक्त शब्द निराळे.

तरीही परडी मी घेणार नाही. आक्काच्या जन्माचे काय झाले ते मला ठाऊक आहे, आणि दिव्याच्या उजेडात ते झाकले जात नाही. जे माणसाला खाते ते टाकलेच पाहिजे, या मताची मी आहे. मात्र टाकण्यासाठी आजीला घराबाहेर काढायची गरज नव्हती. अचेबेच्या घरात म्हातारा आणि पोरगा वेगळे झाले, पण म्हाताऱ्याला कोणी लपवून ठेवले नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आजीला ही सगळी गोष्ट सांगितली. रडक्या गाण्यांचे ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली. ओसूंचे सांगितले तेव्हा गप्प झाली. मग वाती वळता वळता म्हणाली, "त्या म्हाताऱ्याच्या माघारी ते मानाचं सामान कुणी ठिवलं गं?"

मी तिच्या हातातला कापूस घेतला आणि वाती वळू लागले.